घराचा विमा आहे, पण सोनं, टीव्ही, फ्रीजचे नेमके किती मिळतील? महागड्या सामानाची मर्यादा काढायची पूर्ण पद्धत

घरासाठी कर्ज काढलं की बँक सोबत एक विम्याचा कागद हातात देते, त्याच्यावर बारा-पंधरा लाखाचा आकडा असतो आणि आपण धरून चालतो की घरातलं सगळंच आता सुरक्षित झालं. तसं नसते. तो आकडा बहुतेक वेळा भिंती आणि स्लॅबचा असतो, आतल्या टीव्ही-फ्रीजची हद्द वेगळी, घरच्यांच्या पोतीची आणि पाटल्यांची वेगळी, आणि काही वस्तू तर त्या कागदात येतच नाहीत. हे कळते केव्हा, तर घर जळाल्यावर किंवा पूर उतरल्यावर. म्हणून सविस्तर लिहून राहिलो, की पॉलिसी घ्यायच्या आधी, किंवा घेतलेली असली तर ती पुढ्यात ठेवून, कोणत्या वस्तूचे जास्तीत जास्त किती मिळतील हे आपलं आपल्याला काढता आलं पाहिजे.

सरकारी मदतीच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी आधी एक हिशोब सांगतो. आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ चे केंद्राचे निकष पाहा, सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. बस. फ्रीज, टीव्ही, कूलर, दागिने ह्यांचं त्यात नावच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेनं भंडारा-गडचिरोलीकडं काय केलं, जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीकाठच्या चंद्रपूर-यवतमाळच्या गावांत काय झालं, जुलै २०२३ ला महागाव तालुक्यात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. घरात कमरेएवढं पाणी चढलं की पहिलं जाते ते महागडं सामानच, कारण फ्रीज, वॉशिंग मशीन, दिवाण हे सगळं खालीच असते आणि ऐनवेळी उचलता येत नाही.

आधी पॉलिसीचं पहिलं पान काढा

पॉलिसी म्हणजे चाळीस-पन्नास पानांचा गठ्ठा असते पण तुमच्या कामाची सुरुवात ज्याला शेड्यूल म्हणतात त्या एक-दोन पानांपासून होते. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली असेल तर ती तशी मोबाईलवर नका वाचू, गावातल्या किंवा तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा, पेन घेऊन बसा.

पाहायचं काय, तर पहिली गोष्ट पॉलिसीचं नाव. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी विकणं बंधनकारक केलेलं आहे, कंपनी कोणतीही असो तिचा मूळ मजकूर सारखाच. तुमच्या कागदावर हे नाव असेल तर खाली लिहिलेले बरेचसे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू पडतील. हाऊसहोल्डर पॅकेज वगैरे नाव असेल तर ती वेगळी जात आहे, तिच्यात आग, चोरी, दागिने, उपकरणं असे वेगवेगळे सेक्शन असतात आणि प्रत्येक सेक्शनची रक्कम निराळी असते.

दुसरी गोष्ट, इमारत आणि सामान. शेड्यूलमध्ये बिल्डिंग लिहिलं आहे आणि कंटेंट्सच्या रकान्यात शून्य किंवा आडवी रेघ आहे का ते पाहा. कर्जासोबत आलेल्या कागदात असं सापडते, कारण बँकेला तिच्या कर्जापुरती इमारत सांभाळायची असते, तुमच्या सोफ्याशी तिचं काही देणंघेणं नाही. शून्य असेल तर तुमच्या सामानाचा विमा नाही, एवढं सरळ आहे, मग बाकीचं वाचायच्या आधी तोच फोन लावा.

तिसरं म्हणजे नाव आणि पत्ता. खेड्यात घर आजोबाच्या नावावर असते, राहतो नातू, हप्ता भरतो काका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ कुणाच्या नावाचा आहे आणि पॉलिसी कुणाच्या नावाची आहे हे जुळत नसेल तर कंपनीला आधीच लेखी कळवा. इमारतीवर तुमचा हक्क दाखवता येत नसला तरी नुसत्या सामानाचा विमा घेता येते, भाड्यानं राहणारे मास्तर, नर्सताई तसाच घेतात.

एका वावरात तीन धुरे

महागड्या सामानाच्या मर्यादा मला अशा दिसतात की वावर एकच आहे पण आत तीन धुरे, म्हणजे बांध, घातलेले आहेत, आणि तुमची वस्तू ज्या धुऱ्याच्या आत पडते तेवढंच पीक तुमचं.

पहिला धुरा घरगुती सामानाचा. भारत गृह रक्षेत इमारतीसोबत सामानाचंही कव्हर घेतलं असेल तर सामान्य घरसामान वेगळी यादी न देता आपोआप धरलं जाते, पण किती, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि कितीही मोठं घर असलं तरी जास्तीत जास्त १० लाख. ह्याच्यावर पाहिजे असेल तर सामानाचा तपशील देऊन, जास्तीचा हप्ता भरून रक्कम वाढवून घेता येते. आपोआप मिळते म्हणून कोणी वाढवायच्या भानगडीत पडत नाही.

दुसरा धुरा मौल्यवान वस्तूंचा. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, जुन्या दुर्मिळ वस्तू ह्या वरच्या २० टक्क्यांत येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं कव्हर मागून घ्यावं लागते, मागितलं नाही तर मिळत नाही.

तिसरा धुरा एका नगाचा. मौल्यवान वस्तूंची एकूण रक्कम ५ लाखापर्यंत असेल आणि कोणताही एक नग १ लाखाच्या वर नसेल तर किमतीचं प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅल्युएशन सर्टिफिकेट, द्यावं लागत नाही. ह्यातलं एक जरी ओलांडलं तर ते लागते. हाऊसहोल्डर पॅकेजमध्ये हा धुरा आणखी वेगळ्या तऱ्हेनं असू शकते, एकूण रकमेच्या अमुक टक्क्यांच्या वर एका वस्तूचे देणार नाही अशी ओळ असते, ती प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून पॉलिसीत ‘एका वस्तूसाठी मर्यादा’ अशा अर्थाची ओळ शोधायची आणि तिच्याखाली पेननं रेघ मारायची.

आता प्रत्यक्ष हिशोब

एक घर धरू. ८०० चौरस फूट चटई क्षेत्र, विटा-सिमेंटचं, आणि बांधकामाचा खर्च १,६०० रुपये फूट. म्हणजे इमारतीची रक्कम १२ लाख ८० हजार (जागेची किंमत ह्यात धरायची नसते, जागा जळत नाही). त्याचे २० टक्के झाले २ लाख ५६ हजार.

आता घरात शिरा आणि आजच्या बाजारभावानं मोजा. फ्रीज ३० हजार, टीव्ही ४५ हजार, दोन कूलर २४ हजार, वॉशिंग मशीन २२ हजार, इन्व्हर्टर-बॅटरी २८ हजार, घरघंटी १८ हजार. लोखंडी कपाट, दिवाण, सोफा, पलंग मिळून ८५ हजार. भांडी, मिक्सर, गॅस, कुकर सगळं धरून ६० हजार. कपडे-लुगडे, लग्नातले शालू, पोरांचे कपडे, गाद्या, ब्लँकेटं ९० हजार, हा आकडा लोकांना जास्त वाटते पण एकदा कपाट उघडून मोजा. बेरीज ४ लाख २ हजार. आणि धुरा आहे २ लाख ५६ हजारांवर. सगळं जळालं तर १ लाख ४६ हजार खिशातून. हा फरक हप्ता थोडा वाढवून भरून काढता येते, म्हणून पहिल्यांदा ही बेरीज करा.

छतावर सोलर असेल, सूर्यघर योजनेत पुष्कळांनी लावलं आहे, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळाली तरी पॅनलची पूर्ण किंमत त्याच्या कितीतरी वर असते, तर ते पॅनल कंपनीनं इमारतीत धरलं की सामानात, हे विचारून लेखी घ्या. इमारतीत धरत असतील तर इमारतीची रक्कम तेवढ्यानं वाढवा, सामानात धरत असतील तर सामानाची. मधल्या मध्ये लटकलेलं पॅनल कामाचं नाही. अंगणातला गोबर गॅस, पाण्याची पक्की टाकी, आवारभिंत हे साधारण इमारतीच्या व्याख्येत येते, पण गोठा येतो असं धरून चालू नका, तो वेगळा लिहायला लावा. आणि घराचा काही भाग कुडाचा किंवा गवती छपराचा असेल तर तेही फॉर्ममध्ये खरं खरं सांगा, लपवलं तर क्लेमच्या दिवशी तेच कारण पुढं येईल.

अजून एक गोष्ट ह्याच हिशोबातली, आणि ती फार मोठी आहे. भारत गृह रक्षेत कमी रकमेचा विमा घेतला म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापत नाहीत. वरच्याच घरात २ लाखाचं सामान गेलं तर २ लाखाचा हिशोब होईल, कारण ते २ लाख ५६ हजारांच्या आत आहे. पण इतर काही पॉलिसींत, खास करून चोरीच्या सेक्शनमध्ये, सरासरीचं कलम असते. तिथं घरात ५ लाखाचं सामान असून तुम्ही अडीच लाखाचाच विमा घेतला तर कंपनी म्हणते अर्धाच घेतला होता ना, मग अर्धंच घ्या, आणि २ लाखाच्या नुकसानीचे १ लाख हातात येतात. घसाऱ्याचंही तसंच, गृह रक्षेत सामानाचा हिशोब तशीच वस्तू आज घ्यायला काय लागेल ह्यावर आहे, बाकी ठिकाणी आठ वर्षांच्या फ्रीजची आठ वर्षं कापून किंमत धरतील. दोन पॉलिसी तोलताना नुसता हप्ता पाहू नका, ह्या दोन ओळी पाहा.

सोन्याचं काय करायचं

२०२१ साली भारत गृह रक्षा आली तेव्हा तोळाभर सोनं पन्नास हजारांच्या आसपास होतं, म्हणजे एका नगाला १ लाखाची सूट म्हटल्यावर दीड-दोन तोळ्याचा दागिना आरामात बसत होता. आज तोळा लाखाच्या वर गेला आहे. नियमातला आकडा तोच राहिला आणि भाव दुपटीच्या वर गेला, त्यामुळं साधी एक तोळ्याची पोत, लेकीला दिलेला गोफ, सासूची एकदाणी, सगळंच एका नगाच्या हद्दीबाहेर गेलं. म्हणजे ज्यांना वाटते की आपल्याकडं काय मोठं सोनं आहे, प्रमाणपत्र-बिमाणपत्र श्रीमंतांचं काम, त्यांनाही आता ते लागणार आहे.

मग करायचं असं. सगळे दागिने एका दिवशी काढा, पांढऱ्या कपड्यावर एकेक ठेवून मोबाईलनं दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, शेजारी वजनाची चिठ्ठी ठेवा. हॉलमार्क असेल तर त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोड भिंगातून पाहून लिहा, १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या हॉलमार्क सोन्यावर हा कोड सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती दिसते. जुन्या, आजीच्या काळातल्या दागिन्यांना ना पावती ना कोड, त्यांच्यासाठी खास करून सरकारमान्य मूल्यमापकाकडून प्रमाणपत्र करून घ्यायचं, ज्यात नगाचं नाव, वजन, शुद्धता, किंमत आणि तारीख पाहिजे. गावच्या सोनाराची वहीच्या पानावरची चिठ्ठी चालेल का हे आधी कंपनीला विचारा, परस्पर करून आणाल तर दुबार खर्च होईल.

मौल्यवान वस्तूंचा विमा ठरलेल्या किमतीवर असतो. म्हणजे दागिना पूर्ण गेला तर जी किंमत पॉलिसीत लिहिली तीच मिळणार, त्या दिवशीचा भाव काहीही असो. २०२३ मध्ये साठ हजार तोळा धरून लिहिलं असेल तर साठच. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत ही पॉलिसी घेता येते, आणि लांब मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, पण दागिन्यांची ठरलेली किंमत तशी वाढत नाही. म्हणून माझं मत असं आहे की सोनं असेल तर दहा वर्षांच्या पॉलिसीत टाकून मोकळं नका होऊ, ते वर्षा-वर्षाच्या पॉलिसीत ठेवा आणि दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास किंमत नवी करून घ्या.

जोडीच्या दागिन्यांचंही पाहा. झुमक्यातला एकच गेला तर बहुतेक पॉलिसी त्या एकाचाच हिस्सा देतात, पूर्ण जोडीचे नाही.

आणि लग्नसराई. गृह रक्षेत वस्तू घराबाहेर नेली की संरक्षण सुटते. अमरावतीला लग्नाला जाताना एसटीत पर्स गेली तर ह्या पॉलिसीत काही नाही. अंगावर घातलेल्या, प्रवासात नेलेल्या दागिन्यांसाठी हाऊसहोल्डर पॅकेजमधला ऑल रिस्क सेक्शन मागावा लागते. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचे दागिने घरात असतील तर ते बापाच्या पॉलिसीत धरले जातील का, हाही प्रश्न आधीच लेखी विचारून ठेवायचा.

लॉकरमध्ये आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी हे वाचा. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक ह्यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढी आहे. भाडं २ हजार असेल तर २ लाख. आत दहा तोळे असले तरी २ लाखच. पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक संकटात तर बँकेच्या चुकीशिवाय जबाबदारीच नाही.

चोरी म्हणजे आपोआप कव्हर नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे. भारत गृह रक्षेत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, झाड किंवा भिंत पडून धक्का, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं आहे, पण चोरी एवढीच आहे की ह्यातली एखादी घटना घडली आणि तिच्यामुळं सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. पुरात घर सोडून शाळेत राहायला गेलो, मागून कोणी टीव्ही उचलून नेला, हे बसते. सगळे वावरात कापूस वेचायला गेले आणि दुपारी कुलूप तोडून कपाट फोडलं, हे बसत नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं कव्हर घ्यावं लागते.

ते घेताना तीन गोष्टी वाचा: घर किती दिवस सलग बंद राहिलं तर कव्हर थांबते (पुण्याला पोराकडं दोन महिने जाणाऱ्यांनी खास), कुलूप-दार फोडल्याची खूण असायलाच पाहिजे का, आणि दागिन्यांना तिथं वेगळी कमी हद्द आहे का. नुसतं ‘सापडत नाही, कधी गेलं माहीत नाही’ असं झालं तर कोणतीच कंपनी देत नाही.

विजेवर चालणारं सामान

आपल्याकडचं व्होल्टेज सगळ्यांना माहीत आहे. मृगाचा पहिला पाऊस, विजा, डीपीवर आवाज, आणि अर्ध्या गावाचे टीव्ही बंद. ह्यावर पॉलिसीत एक कलम आहे ते नीट समजून घ्या: जास्त दाब, शॉर्ट सर्किट, स्पार्किंग, आपोआप तापणं ह्यामुळं, त्यात आकाशातल्या विजेमुळं झालेलंही आलं, जे यंत्र स्वतः जळालं त्या यंत्राचे पैसे मिळत नाहीत. पण त्या यंत्रातून आग पसरली आणि बाकीचं घर जळालं तर बाकीच्याचे मिळतात. आमच्या गावात एका घरी कूलरच्या मोटारीत शॉर्ट होऊन पडदा पेटला, मग गाद्या, मग कपाट. कूलर यादीतून कटला, बाकी सामान मंजूर झालं. घरच्यांना वाटलं सर्व्हेअरनं (नुकसान मोजायला कंपनी नेमते तो माणूस) मुद्दाम कापला, पण ते ह्या कलमाचंच काम होतं.

उपकरण स्वतः बिघडण्याचं कव्हर पाहिजे असेल तर ते घरगुती उपकरणांच्या ब्रेकडाऊनचं म्हणून वेगळं मागा आणि किती वर्षं जुनं उपकरण चालते ते विचारा. प्रत्येक उपकरणाचा मॉडेल आणि सिरियल नंबर त्यात लागतो. माझं विचाराल तर एखाद्याच टीव्हीसाठी हे घेण्यापेक्षा चांगली अर्थिंग आणि स्टॅबिलायझरवर खर्च करावा, घरात पाच-सहा महागडी उपकरणं असतील तर मात्र घ्यावं.

घरात आहे पण घरसामान नाही

डिसेंबरपासून भाव वाढायची वाट पाहत समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवतो आपण. चाळीस क्विंटल कापूस म्हणजे घरातल्या सगळ्या टीव्ही-फ्रीजपेक्षा महाग, आणि पेट घ्यायला सगळ्यात पुढं. पण तो विक्रीचा माल आहे, घरगुती वापराचं सामान नाही, घराच्या पॉलिसीत त्याचे पैसे धरू नका. सोयाबीन, तूर, चणा ह्यांचंही तेच. त्यांच्यासाठी मालाचा आगीचा विमा वेगळा असतो. आणि राहत्या घरात कापूस साठवता हे घराचा विमा घेतानाच फॉर्ममध्ये सांगा, दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरला सरकी आणि राख दिसणारच आहे.

नगदी पैसे नाही. चेक, कागदपत्रं, सोन्याची बिस्किटं, न जडवलेले खडे नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल ही वाहनं, त्यांची पॉलिसी वेगळी. विहिरीवरची मोटार आणि स्प्रिंकलरचे पाइप घरात नाहीत म्हणून नाही. बैल-म्हशीचा पशुविमा वेगळा.

यादी करून ठेवायची पद्धत

एक दोनशे पानी वही घ्या, खोलीप्रमाणे लिहा. वस्तू, कंपनी, कधी घेतली, कितीला घेतली, आज कितीला मिळते, सिरियल नंबर. फ्रीजचा नंबर बहुतेक मागच्या बाजूला किंवा आतल्या भिंतीवरच्या स्टिकरवर असतो, टीव्हीचा मागं खाली, कूलरचा कधी कधी नसतोच, मग बिल जपा. स्टिकरचा फोटो काढताना मोबाईल अगदी समोर धरला तर चकाकी येऊन नंबर दिसत नाही, थोडं तिरपं उभं राहून काढा आणि मोठा करून वाचून पाहा. दुकानाच्या थर्मल कागदाच्या पावत्या दोन उन्हाळ्यांत कोऱ्या होतात, त्यांची आजच झेरॉक्स काढा. मग घरातून दारापासून मागच्या पडवीपर्यंत चालत एक व्हिडिओ, कपाटं उघडून.

हे सगळं त्याच घरातल्या पेटीत ठेवलं तर घरासोबत जाईल. फोटो आणि व्हिडिओ पोराच्या मोबाईलवर, ईमेलवर पाठवा, वहीची एक झेरॉक्स भावाकडं ठेवा.

मग एजंट घरी येईल तेव्हा त्याला मोघम नका विचारू. ‘भाऊ, सामानाची रक्कम शेड्यूलमध्ये किती लिहून येईल? सोनं कोणत्या रकान्यात? एका नगाला किती? घरफोडी आहे का? एक्सेस म्हणून दर क्लेमला किती कापणार?’ असं एकेक विचारा आणि तो ‘दादा, सगळं आहे त्याच्यात’ म्हणाला तर म्हणा, ‘मग मेसेजवर लिहून दे बाप्पा, नाही तर कंपनीच्या ईमेलवरून येऊ दे.’ चांगला एजंट ह्यावर चिडत नाही. आणि पॉलिसी हातात आली की यादी आणि शेड्यूल शेजारी ठेवून ताडून पाहा, नाव, पत्ता, रक्कम काही चुकलं असेल तर लगेच दुरुस्तीची नोंद करून घ्या.

नुकसान झालं तर, त्याच क्रमानं

जीव आधी, मेन स्विच बंद. मग त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही. आग असेल तर नगर परिषदेच्या अग्निशमनची नोंद आणि पोलीस ठाण्याची खबर, चोरी असेल तर एफआयआर आणि त्यात प्रत्येक वस्तू, पूर-वादळ असेल तर तलाठ्याचा पंचनामा. पंचनाम्यात ‘घरगुती सामानाचे नुकसान’ एवढंच मोघम लिहून जाते, तिथं उभं राहून फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन अशी नावं घालायला सांगा, कारण पुढं सर्व्हेअर हाच कागद तुमच्या यादीशी ताडून पाहतो.

चिखल काढायच्या आधी फोटो घ्या, भिंतीवरची पाण्याची रेघ फोटोत आली पाहिजे. बिघडलेलं सामान भंगारवाल्याला देऊ नका, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली ठेवा, चालण्यासारखं असेल ते वाचवायचा प्रयत्न मात्र करा, ती तुमची जबाबदारी धरली जाते. दुरुस्ती होते की नाही ह्याचं मेकॅनिककडून लेखी घ्या.

इर्डाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. तारखा वहीत लिहीत जा. सर्व्हेअरला चहापाणी करा पण यादीची प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. आकडे फुगवू नका, ३० हजारांचा फ्रीज ५० चा सांगितला तर बाकीच्या खऱ्या वस्तूंवरही संशय येतो.

रक्कम कमी आली तर आधी लेखी मागा की कोणत्या वस्तूचे किती, आणि कोणत्या कलमानं कापले. सगळं मान्य आहे अशा अर्थाच्या कागदावर घाईत सही करू नका.

कंपनी ऐकत नसेल तर

पहिले कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी. सोबत इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ ह्या नंबरवर तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जायचं, विदर्भातल्या जिल्ह्यांसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. ५० लाखापर्यंतची प्रकरणं तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत गेलं पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो तिला ३० दिवसांत पाळावा लागतो.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा, तो प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि मुदत दोन वर्षांची आहे. एकाच प्रकरणात दोन्हीकडं एकदम जाऊ नका, आयोगात प्रकरण सुरू असेल तर लोकपाल ते घेत नाही. महागड्या वस्तूंच्या मर्यादेवरून वाद असेल तर मी आधी लोकपालाकडंच जायला सांगेन, कारण तिथं सगळा प्रश्न कागदावरच्या एका ओळीचा असते आणि ती ओळ, तुमची वही, फोटो आणि एजंटचा मेसेज एवढ्यावर बाजू मांडता येते. अर्जासोबत शेड्यूल, सर्व्हे अहवालाची प्रत, कंपनीचं नकाराचं पत्र आणि तुमची वस्तूवार यादी जोडा. सर्व्हे अहवालाची प्रत मिळाली नसेल तर ती कंपनीकडं आधीच मागून ठेवा.